काटा काय म्हणतो?

प्रिय ईरा आणि सोहम,

गेल्या रविवारी फोनवर सोहमने विचारलं, "आजी, तू गॅरेजमध्ये आजोबांना पुस्तकं वाचून दाखवायचीस ना? बाबा सांगत होता." मी हो म्हटलं, कारण तेवढ्यात तुम्हाला जेवणाची हाक आली. पण फोन ठेवल्यावर मला स्वस्थ बसवेना. तुमच्या बाबाने सांगितलं ते खरं आहे, पण अर्धंच. पुस्तकं वाचून दाखवणं हे सुरुवातीचं काम. पुढे कित्येक वर्षं मी जे वाचलं, ते कुठल्याच पुस्तकात छापलेलं नव्हतं.

आत्ताच लिहायला बसण्याचं आणखी एक कारण आहे. गॅरेजची जागा आम्ही नुकतीच एका होतकरू मुलाला भाड्याने दिली. तो तिथे विजेच्या स्कूटर विकणार आहे. विजेच्या गाडीला पेट्रोलचा दाब लागत नाही आणि हवेची ओढही लागत नाही. म्हणजे मी आयुष्यभर जे शिकले त्याला तिथे गिऱ्हाईक नाही. इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी ठरवलं, लिहायचं ते तुम्हालाच. इतरांनी तुमच्या खांद्यावरून वाचायला माझी हरकत नाही. बाबाला मोठ्याने वाचायला सांगा आणि अडेल तिथे थांबवून विचारा.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले. शाळेत इंग्रजी शिकवायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. लग्न करून रत्नागिरीत आले तर घराला लागूनच गॅरेज. आजोबांना सगळे नाना म्हणत, म्हणून इथे मीही नानाच लिहिते. त्या वेळच्या गाड्यांना कार्बुरेटर असायचा आणि नानांना कान होते. एवढ्या भांडवलावर आमचं उत्तम चालायचं. नाना गाडीचं बॉनेट उघडायचे, कानाला रबरी नळीचं एक टोक लावायचे, दुसरं टोक इंजिनवर हळूहळू फिरवायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "इथे वारा घेतेय." तिथे पाना लावला की गाडी शांत.

मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. पेट्रोल आता पंपाच्या जोराने फवारलं जाऊ लागलं. नानांनी मुंबईहून दोन गेज मागवले, म्हणजे काट्याची दोन घड्याळं, आणि त्यांच्याबरोबर आलं इंग्रजीत छापलेलं जाडजूड पुस्तक. ते माझ्यापुढे ठेवून नाना म्हणाले, "वाच."

मी शब्दाला शब्द ठेवून मराठी करायला लागले. पुस्तकात लिहिलं होतं, ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन हेझिटेट करतं. मी वाचून दाखवलं, "गाडी संकोच करते."

नाना हातातला पाना खाली ठेवून हसायला लागले. "गाडी काय दाखवायला आणलेली मुलगी आहे? अगो, ह्याला अडखळणं म्हणतात."

पुढे हंटिंग हा शब्द आला. मी म्हटलं, "इंजिन शिकार करतं." त्यावर तर त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला बोलावून ते ऐकवलं. उभ्या गाडीचा आवाज वरखाली होत राहतो, त्याला आमच्या गॅरेजात 'गाडी झुलते' म्हणायचे. हे मला कोणत्या कॉलेजात शिकवणार होते? मग आमची वाटणी ठरली. पुस्तक काय म्हणतं ते मी सांगायचं आणि गाडी काय म्हणते ते नानांनी.

आता तुम्हाला दोन गोष्टी समजावून सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर तुम्ही शहाळी प्यायलात ते आठवतं? सोहमच्या स्ट्रॉला मध्येच चीर पडली होती. तो जीव खाऊन ओढत होता आणि तोंडात नुसती हवा येत होती. इंजिनही असंच ओढणारं तोंड आहे. त्याने आपल्या वाटेनेच हवा ओढायची असते. नळीला कुठे भोक पडलं की भलतीकडून हवा शिरते आणि गाडी झुलायला लागते. इंजिन किती जोराने ओढतंय ते वॅक्युमचा काटा सांगतो. रत्नागिरी समुद्राच्या पातळीवर, म्हणून आमच्याकडे निरोगी इंजिन उभ्या जागी पाऱ्याच्या वीस इंचांच्या आसपास ओढतं आणि काटा तिथे स्थिर उभा राहतो.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. ते टाकीतून पंपाने दाबून पुढे पाठवावं लागतं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत तो दाब तीन किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला तीन किलो, असायचा. दाब कमी पडला की गाडी उपाशी. म्हणजे एका काट्यावर ओढ दिसते आणि दुसऱ्यावर ढकल. निम्मे आजार या दोन काट्यांत सापडतात.

माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. चमचे डाव्या खणात म्हणजे डाव्याच खणात. गॅरेजातही मी नियम घातला होता: आधी वाचायचं, मग हात लावायचा. गाडी आली की नानांचे हात शिवशिवायचे, पण काटा लावून वाचल्याशिवाय एकही क्लिप सोडायची नाही. एकदा सोडली की गाडीची मूळची तक्रार पुसली जाते. पेट्रोलच्या लाइनला हात लावण्याआधी वाळूची बादली जवळ, हाही नियम माझाच. नाना कुरकुरायचे, पण पाळायचे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असत. गणपतीत मुंबईहून येणारे चाकरमानी वर्षभर गावात उभी असलेली गाडी बाहेर काढत आणि तशीच झुलवत आमच्याकडे आणत. खेडचे एक गृहस्थ यायचे. ते फोनवर व्हिडिओ बघून निदान ठरवूनच येत. एकदा म्हणाले, "नाना, इंजेक्टर गेलेत. चारही."

नानांनी नळी कानाला लावली, दोन ठिकाणी फिरवली आणि विचारलं, "गाडी कुठे ठेवता?"

"भाताच्या कोठाराशेजारी."

"मग इंजेक्टर नाही गेले. उंदीर आले." आणि नानांनी कुरतडलेली वॅक्युमची नळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. मी आधीच लावून ठेवलेला काटा नवी नळी बसवताच वीसवर जाऊन उभा राहिला. गृहस्थ म्हणाले, "हे व्हिडिओत नव्हतं." नाना म्हणाले, "उंदरांनी टाकला नसेल."

असे ते कान होते. आणि ते हळूहळू जायला लागले.

आयुष्यभर कंप्रेसरचा धडधडाट आणि पत्र्यावरचे हातोडे ऐकलेले कान ते. आधी घरात कळलं. कुकरच्या शिट्ट्या त्यांना कमी ऐकू यायला लागल्या. मग गॅरेजात. बारीक फुसफुस, जी पकडण्यात त्यांचं सगळं नाव होतं, तीच नेमकी सगळ्यात आधी गेली. एका बँकेतल्या साहेबांची गाडी नानांनी तपासली आणि "काही नाही, उत्तम आहे" म्हणून बॉनेट लावायला गेले. साहेब चार हातांवर उभे होते. म्हणाले, "अहो नाना, मला इथून फुसफुस ऐकू येतेय. तुम्हाला येत नाही?"

नाना "बघतो, बघतो" म्हणत पुन्हा वाकले. कानाचं मशीन आणायचा विषय मी काढला की उठून जायचे. त्यांची भीती मला कळत होती. कानाने गाडी ओळखणाऱ्या माणसाचे कान गेले, ही गोष्ट बाजारात पसरली असती तर गॅरेज बंदच झालं असतं. आणि गॅरेजशिवाय नाना हे चित्र मला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं. दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं एव्हाना समोरून जाऊन दुसरीकडे वळायलाही लागली होती.

त्याच सुमारास, पावसाळ्यात, बबन आला. बबन पावसच्या अलीकडच्या एका गावचा. गावातून शहरात माणसं आणणारी त्याची स्वतःची व्हॅन होती. त्याच्या बायकोचं, सुलभाचं, मूत्रपिंडाचं दुखणं होतं. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला रत्नागिरीत आणावं लागे. त्या दिवशी तो तिला हॉस्पिटलात सोडून तसाच आमच्याकडे आला. व्हॅनमधून उतरला तो रडकुंडीला आलेला, पण जीभ शाबूत.

"नाना, पंप बदलला, फिल्टर बदलला. आता नुसता ड्रायवर बदलाचा ऱ्हायलाय."

"होतं काय?" नानांनी विचारलं. त्यांनी एक हात कानामागे धरला होता. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"सड्यावर चढली का बंद. राखणदाराच्या वडाजवळ. तिथंच! मगे मी खाली उतरतो, राखणदाराला गाऱ्हाणं घालतो, आन् चालू होते. आज तं दोनदा बंद पडली. सुलभा आत बसून घामाघूम. तिची डायलिसिसची पाळी उशिरा सुरू झाली. तिथल्या नर्सबाईंनी सांगितलंय, पुन्हा असा उशीर केलात तं मशीन दुसऱ्याला द्यावं लागेल. वयनी, परवा पुन्हा आणाचं हाय तिला. गावात दुसरी गाडी नाय."

सडा म्हणजे आपल्याकडचं जांभ्या दगडाचं उघडं माळरान. आणि राखणदार म्हणजे गावाची हद्द सांभाळणारा देव. गाऱ्हाणं म्हणजे त्याच्यापुढे मोठ्याने बोलून मांडलेली तक्रार.

नानांनी नळी लावली. बराच वेळ फिरवली. मग सरळ होऊन म्हणाले, "मॅनिफोल्डला वारा घेतेय. पॅकिंग बदलू." मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड.

मी तोपर्यंत वॅक्युमचा काटा लावला होता. तो वीसवर उभा होता, खिळा ठोकल्यासारखा. इंजिन वारा घेत असतं तर काटा इतका वर गेलाच नसता. नानांना ऐकू आलं नव्हतं. त्यांनी अंदाज केला होता. इतक्या वर्षांत त्यांना अंदाजाने बोलताना मी पाहिलं नव्हतं.

"अहो, काटा वीसवर आहे," मी म्हटलं.

"तुझा काटा बिघडलाय."

"काटा नवा आहे."

"अगो, मी तुझ्या काट्याच्या आधीपासून इंजिनं बघतोय!"

बबन आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. परक्या माणसासमोर नवऱ्याचं म्हणणं खोडायची माझी रीत नव्हती. पण परवा त्या व्हॅनमध्ये सुलभा बसणार होती. पॅकिंग बदलून व्हॅन परत दिली असती आणि ती पुन्हा सड्यावर बंद पडली असती, तर तिची डायलिसिसची पाळी गेली असती आणि नानांचं नाव गेलं असतं. मी पेट्रोलच्या लाइनला दुसरा काटा लावला. तीन किलो. तोही ठणठणीत.

"बघ!" नाना म्हणाले. म्हणजे काय बघायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मी बबनला विचारलं, "रोजच बंद पडते का?"

"नाय वो. रोजचं भाडं मारतो तेव्हा क्वचित. हास्पिटलच्या दिवशी मात्र हटकून. तेच तं नवल. देवाची काय खोडी हाय समजत नाय."

"हॉस्पिटलच्या दिवशी वेगळं काय करता?"

तो विचार करायला लागला. "काय नाय. उलट जास्त काळजी घेतो. टाकी फुल करतो. रोज तं थोडं थोडंच टाकतो. पण सुलभाला घेऊन जाताना रस्त्यात अडाय नको."

टाकी भरली की बंद पडते आणि रिकामी असली की चालते. माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण नीट धरता येईना. मी नानांना म्हटलं, "उभ्या गाडीवर हे दिसणार नाही. काटा लावून सड्यावर जाऊ. टाकी फुल करून."

त्यांनी चावी घेतली.

गाडी चालवायला मी कधी शिकले नाही. इतक्या गाड्यांची दुखणी वाचली, पण चाक हातात धरलं नाही, ही खंत मला आजही आहे. म्हणून नाना चालवायला, मी शेजारी, बबन मागे. काट्याची लांब नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज वायपरला बांधला, म्हणजे काचेतून मला समोर दिसेल आणि पेट्रोल गाडीच्या आत येणार नाही. पंपावर टाकी काठोकाठ भरली. भाट्याच्या पुलावर काटा तीनवर. पलीकडे खाडीवर होड्या होत्या, पाऊस थांबला होता, पण मी कुठेच बघत नव्हते. चढ लागला. काटा तीनच्या खाली आला.

"अडीच," मी म्हटलं.

नानांना इंजिनाचा आवाज बदललेला कळत नव्हता. मला कळत होता. बबनला कळत होता. तो मागून "आता जाईल बघा, आता जाईल" म्हणत होता. ते त्यांना ऐकू जात नव्हतं. पुढे रस्ता, हातात चाक आणि कानात काहीच नाही. मग रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "काटा काय म्हणतो?"

हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. सहज विचारलं, पण मला माहीत होतं ते किती अवघड होतं.

"दोन," मी मोठ्याने म्हटलं. "पावणेदोन. दीड. उतरतोच आहे."

"म्हणजे पंपाला पुढे ढकलता येत नाही. पंप नवा आहे. मग मागून येत नाही." ते स्वतःशीच बोलत होते, पण आता अंदाजाने नाही. एक गचका बसला आणि व्हॅन सड्यावर बंद पडली.

बबन मागून ओरडला, "अरे, पण ह्या जागी कदी नाय पडत! राखणदार तं पुढं हाय!"

तो उतरला आणि सवयीने थेट टाकीच्या झाकणाकडे गेला.

"हात लावू नका!" मी ओरडले. "काय करताय?"

"पेट्रोल हाय का बघतो. गाडी बंद पडली का पैलं तेच बघतो ना. मगे जातो गाऱ्हाण्याला."

मगाशी डोक्यात जे हललं होतं ते आता हातात आलं. "दर वेळी आधी झाकण उघडता, आणि मग गाऱ्हाणं घालता?"

"व्हय. पैलं झाकण, मगे देव."

मी नानांना जवळ बोलावलं, त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं आणि बबनला म्हटलं, "आता उघडा. हळू." झाकण सैल झालं तशी टाकीने आत लांब श्वास घेतला. मला तो स्पष्ट ऐकू आला. नानांना आला नाही. पण त्यांनी झाकण बाजूला करून चटकन टाकीच्या तोंडावर तळवा ठेवला. त्यांचा चेहरा बदलला.

"ओढतेय," ते म्हणाले. "अगो, हाताला ओढतेय!"

ईरा, तू शहाळ्याच्या बारीक भोकात स्ट्रॉ गच्च बसवली होतीस आणि चार घोटांनंतर पाणी येईना म्हणून माझ्याकडे शहाळं दिलंस. मी स्ट्रॉ जरा सैल केली आणि पाणी आलं. तेच हे. टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. हवेची वाट बंद झाली तर टाकीच पेट्रोलला मागे ओढून धरते. टाकी गच्च भरलेली असली की वर हवेला जागा थोडी, म्हणून ओढ लवकर वाढते. बबन बायकोच्या काळजीने टाकी फुल करत होता आणि त्यामुळेच ती रस्त्यात अडकत होती. तो गावाकडच्या पंपावर टाकी भरायचा, तिथून वडापर्यंत येईतो ओढ पुरेशी वाढायची; आज आम्ही शहरातल्या पंपावर भरली, म्हणून जागा बदलली.

किल्ली फिरवली, काटा तीनवर चढला, व्हॅन चालू झाली. नाना झाकण उलटंपालटं करून बघत होते. आतली बारीक झडप, जिथून हवा यायची, ती तपकिरी चिकट कशाने तरी बसली होती. त्यांनी नखाने खरवडलं आणि वास घेतला. कान गेले तरी नाक होतं.

"बबन, हा फणस आहे."

बबन पायांकडे बघायला लागला. "झाकणाला चीर गेलीवती वो. पावसात टाकीत पाणी जाईल म्हणून वाईच चीक लावला. आमी बादलीला लावतो, पन्हळीला लावतो. कदी गळत नाय."

"नाहीच गळणार," नाना म्हणाले. "तू टाकीची बरणी केलीस."

तो चीक पेट्रोलच्या वाफेने मऊ होऊन आत झडपेत उतरला होता. पण माझं समाधान झालं नव्हतं. टाकीला हवा यायची आणखी एक वाट असते, खालून. मी ते पुस्तकात वाचलं होतं आणि नानांना सांगितलं. ते या वयात रस्त्यावर पाठ टेकून व्हॅनखाली गेले. नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, अगदी गुळगुळीत लिंपलेलं. एक वाट तिने बुजवली होती आणि दुसरी बबनने. दोन्ही कारागीर आपापल्या कामात चोख.

वाट मोकळी करून, झाकण पुसून आम्ही बबनच्या गावाच्या दिशेने निघालो. काटा तीनवर. राखणदाराचा वड आला. काटा तीनवरच. व्हॅन थांबायचं काही लक्षण नव्हतं. नानांनीच ब्रेक लावला.

"आज ती थांबली नाही," ते म्हणाले. "आपण थांबू."

बबनने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. गावाचं झालं, गुरांचं झालं, सुलभाचं झालं. मग तो म्हणाला, "नानांच्या हाताला यश दे, आन् वयनींच्या काट्याला यश दे रे महाराजा!" आणि स्वतःच उत्तर दिलं, "व्हय महाराजा!"

नानांनी मला विचारलं, "काय म्हणाला?"

मी सांगितलं. त्यांनी वडाला हात जोडले. मी बबनला थोडं शास्त्र समजावून सांगायचा प्रयत्न केला, की देवाने नव्हे, झाकणाने गाडी थांबत होती. तो म्हणाला, "वयनी, तुमी म्हणता ते खरं. पण त्याने थांबवली नसती तं मी तुमच्याकडं कशाला आलो असतो?" मी वाद घातला नाही. फोडलेल्या नारळाचं खोबरं खाल्लं.

दुपारी सुलभाला घेऊन तो त्याच व्हॅनने घरी गेला. आठवड्याभरात नवं झाकण बसवलं. पुढच्या उन्हाळ्यात ती दोघं फणस घेऊन आली. सुलभाला स्वतःला फणस खायला मनाई होती. ती गरे काढून देत बसली आणि म्हणाली, "चीक सांभाळा हां नाना, कुठं लावू नका." काही वर्षांनी ती तिच्या आजाराने गेली. पण त्या दिवसानंतर गाडी अडली म्हणून तिची डायलिसिसची एकही पाळी हुकली नाही. आमच्या कामाचं प्रमाणपत्र म्हणून मी हे एक वाक्य सांगते.

बबनने सगळ्या रस्ताभर हे सांगितलं, त्याच्या पद्धतीने तिखटमीठ लावून. नानांचे कान गेले, हेही सांगितलं आणि गॅरेजात आता दोघं मिळून गाडी बघतात, हेही सांगितलं. नाना ज्याला घाबरत होते ती बातमी अशी फिरली आणि गिऱ्हाइकं कमी व्हायच्या ऐवजी वाढली. खेडचे गृहस्थसुद्धा व्हिडिओ न बघता यायला लागले. त्यानंतर गाडी आली की नाना नळी कानाला लावत नसत. बॉनेट उघडायचे, बाजूला व्हायचे आणि मला विचारायचे, "काटा काय म्हणतो?" मी वाचायचे, ते हात चालवायचे. काटा ठरावीक ठेक्याने थरथरला तर व्हॉल्व्ह बिघडलेला. ॲक्सिलरेटर दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसला तर सायलेन्सर चोंदलेला. पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरच्या वॅक्युमच्या नळीत पेट्रोल दिसलं तर आतला पडदा फाटलेला. पुढे संगणक लावून गाडी तपासायची पद्धत आली. ती मी शिकले आणि ती चांगली आहे. पण संगणक कुठे दुखतं तेवढं सांगतो. का दुखतं ते बऱ्याचदा काट्यालाच विचारावं लागतं.

मग नानांनी कानाचं मशीनही आणलं. आता ते लाजत नाहीत, फक्त ते चालू करायला विसरतात.

तेव्हा सोहम, मी आजोबांना वाचून दाखवायचे, हे खरं आहे. एवढंच, की त्यातलं थोडंच पुस्तकातलं होतं.

आता काय उरलंय ते सांगते. गॅरेजची पाटी उतरवून माळ्यावर ठेवली आहे. पाने बरेचसे वाटून टाकले. बबनची व्हॅन आता त्याचा पुतण्या चालवतो. सड्यावर वडाशी थांबून नारळ ठेवतो आणि पुढे जातो. रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं एकदम आणि भरभर बोलायला लागलात की नानांना मशीन असूनही निम्मं ऐकू येत नाही. मग ते मला कोपराने ढोसून विचारतात, "काटा काय म्हणतो?" आणि मी तुमचे चेहरे वाचून सांगते.

दोन्ही गेज स्वयंपाकघरातल्या डाव्या खणात, पुसून, कापडात गुंडाळून ठेवले आहेत. परवा काढून तपासले. दाब दिला की काटा चढतो, आणि दाब काढला की अजूनही बरोबर शून्यावर येतो.